राजवाड्यातले मानसशास्त्र

नोव्हेंबर 1918 मध्ये जर्मनी महायुद्ध हरला, कैसर दुसरा विल्हेल्म हॉलंडला पळून गेला आणि बर्लिनच्या मध्यावरचा त्याचा अवाढव्य राजवाडा ओस पडला. थोड्याच काळात त्या राजवाड्याच्या एका भागात बर्लिन विद्यापीठाची मानसशास्त्र संस्था राहायला आली. माणसाला दिसते कसे, आठवते कसे, अडलेले कोडे सुटते कसे, याचा शोध आता राजघराण्यासाठी बांधलेल्या दालनांत सुरू झाला. 1922 मध्ये संस्थेचे संचालकपद वोल्फगांग कोहलर यांच्याकडे आले, तेव्हा ते 35 वर्षांचे होते. पुढची दहा-अकरा वर्षे मानसशास्त्र शिकायला याहून चांगली जागा जगात शोधून सापडली नसती.

मानसशास्त्राच्या इतिहासाची पुस्तके विचारसरणींची एक ठरलेली रांग मांडतात. रचनावाद, कार्यवाद, वर्तनवाद, मनोविश्लेषण, समष्टिवाद. ती वाचताना असे वाटत राहते की एका मताने दुसऱ्या मताला वादात चीत केले आणि हरलेले मत मागे पडले. समष्टिवाद, म्हणजेच गेस्टाल्ट मानसशास्त्र, असा वादात हरला नाही. तो ज्या जागी आणि ज्या माणसांत वाढत होता, ती जागा मोडली गेली आणि ती माणसे देशोधडीला लागली. त्यामुळे त्याचा इतिहास सांगायचा तर सिद्धान्तांइतकाच माणसांचाही सांगावा लागतो.

सुरुवात मात्र लाइपझिगला झाली. 1879 मध्ये विल्हेल्म वूंट यांनी तिथे प्रयोगशाळा थाटली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे निघाले. रसायनशास्त्रात पदार्थाचे मूलद्रव्यांत पृथक्करण होते, तसे अनुभवाचेही करता येईल, ही त्या पिढीची श्रद्धा होती. शिकवून तयार केलेल्या निरीक्षकाने आपल्याच मनात डोकवायचे आणि रंग, नाद, स्पर्श यांच्या सुट्या संवेदना नोंदवायच्या. वूंट यांचे शिष्य एडवर्ड टिचनर यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ही पद्धत टोकापर्यंत नेली.

पण काही अनुभव सुटे करायला गेले की हातातून निसटत. 1890 मध्ये ऑस्ट्रियाचे ख्रिस्तिआन फॉन एरेनफेल्स यांनी सुरावटीचा प्रश्न पुढे आणला. एखादी चाल काळी एकमध्ये गायली आणि मग तीच काळी चारमध्ये गायली, तर त्यातला प्रत्येक स्वर बदललेला असतो. तरीही ऐकणारा ती चाल पहिल्याच ओळीला ओळखतो. मग चाल त्या सुट्या स्वरांत नसेल, तर ती असते कुठे? एरेनफेल्स प्रागला शिकवत असत आणि त्यांच्या श्रोत्यांमध्ये 1880 मध्ये त्याच शहरात जन्मलेला माक्स वेर्टहायमर नावाचा तरुण होता.

वेर्टहायमर यांची एक आगगाडीची गोष्ट मानसशास्त्राच्या वर्गावर्गांतून सांगितली जाते. 1910 मध्ये सुटीसाठी ते ऱ्हाइनच्या खोऱ्याकडे निघाले होते. गाडीत त्यांच्या मनात एक कल्पना आली आणि ते वाटेतच फ्रांकफुर्टला उतरले. तिथे त्यांनी चित्रे भराभर फिरवून हालचालीचा भास घडवणारे एक खेळणे विकत घेतले आणि हॉटेलच्या खोलीत बसून त्याच्यावर प्रयोग सुरू केले. फ्रांकफुर्टच्या संस्थेतले फ्रीडरिश शुमान यांनी त्यांना अचूक यंत्र आणि जागा दिली. तिथेच दोन तरुण सहकारी भेटले: कुर्ट कोफ्का आणि वोल्फगांग कोहलर. प्रयोगात बघणारे डोळे या दोघांचे आणि कोफ्का यांच्या पत्नीचे होते. इतक्याशा मंडळींवर एक अख्खी विचारसरणी उभी राहिली.

प्रयोग दिसायला साधा. काळोखात एक रेघ चमकते आणि विझते, मग थोड्या अंतरावर दुसरी चमकते. मधले अंतर 200 मिलिसेकंदांच्या आसपास असेल, तर एकामागून एक अशा दोन रेघा दिसतात. ते 30 च्या आसपास आणले, तर दोन्ही एकदमच चमकल्यासारख्या वाटतात. पण 60 च्या जवळपास काहीतरी निराळेच होते. एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते, आणि कधीकधी तर रेघेशिवाय नुसती गतीच दिसते. प्रत्यक्षात काहीही हललेले नसते. 1912 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात वेर्टहायमर यांनी याला 'फाय' असे नाव दिले. ही गती पहिल्या रेघेत नाही आणि दुसरीतही नाही, त्यामुळे दोन्ही संवेदनांची बेरीज करून ती मिळणार नाही. दिसणे हे मुळातच सबंध असते आणि तुकडे आपण मागाहून पाडतो, हे त्यांचे म्हणणे होते. वूंट यांच्या परंपरेचा पायाच त्याने हलला.

पुढच्याच वर्षी, 1913 मध्ये, अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाचा जाहीरनामा लिहिला. वूंट यांच्या पद्धतीवर तेही नाराज होते, पण त्यांनी वाट उलट्या दिशेची धरली. मनात डोकावणे सोडून द्या आणि बाहेरून दिसणारे वर्तन मोजा, असे ते म्हणाले. एकाच घराण्याविरुद्ध दोन बंडे जवळजवळ एकाच वेळी झाली आणि वीस वर्षांनी ती एकमेकांसमोर उभी राहणार होती.

1913 च्या अखेरीस कोहलर कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे बेटावर पोहोचले. प्रशियन विज्ञान अकादमीने तिथे वानरांच्या अभ्यासाचे केंद्र काढले होते. काही महिन्यांत महायुद्ध पेटले, परतीची वाट बंद झाली आणि 1920 पर्यंत ते बेटावरच राहिले. त्या सक्तीच्या मुक्कामातून मानसशास्त्रातले एक अतिशय वाचनीय पुस्तक निघाले. 1917 मध्ये ते जर्मनमध्ये आले आणि 1925 मध्ये 'द मेंटॅलिटी ऑफ एप्स' या नावाने इंग्रजीत.

त्यातला सुलतान नावाचा चिंपांझी मराठीतून अध्यापनशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. आपल्याकडे शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तकांत 'मर्मदृष्टीने अध्ययन' या प्रकरणात तो हटकून येतो. पिंजऱ्याबाहेर केळे, आत बांबूच्या दोन पोकळ काठ्या आणि एकटी कुठलीही काठी पुरत नाही, अशी ती परीक्षा. पुस्तकांत मात्र एक गोष्ट गळून जाते. सुलतान तासभराहून जास्त धडपडला आणि त्याने नाद सोडला. मग काठ्यांशी सहज खेळत असताना दोन्ही काठ्या एका रेषेत आल्या, तशी त्याने बारीक काठी जाड काठीच्या तोंडात सरकवली आणि तो तडक गजांकडे धावला. ग्रांडे नावाची मादी खोक्यांवर खोकी रचून उंच टांगलेल्या फळापर्यंत पोहोचे.

याआधी, 1898 मध्ये, अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत कोंडून असे दाखवले होते की प्राणी चुकतमाकत, आंधळेपणाने शिकतात. कोहलर यांचा आक्षेप नेमका होता. त्या पेटीची कळ मांजराला दिसणार नाही अशी बसवलेली असते, मग त्याने आंधळेपणाने धडपडण्यापलीकडे करायचे तरी काय? सबंध परिस्थिती डोळ्यांसमोर असली, तर तिची नवी जुळणी प्राण्यालाही सुचू शकते. या आक्षेपाला आजही धार आहे, कारण तो केवळ माकड-मांजरांबद्दल नाही. परीक्षा घेणाराच उत्तराची जात ठरवून टाकतो, हे त्यात दाखवून दिले आहे.

दरम्यान वेर्टहायमर बर्लिनला आले होते आणि तिथे अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याशी त्यांची गाढ मैत्री जमली. नोव्हेंबर 1918 च्या राज्यक्रांतीत क्रांतिकारी विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या रेक्टरना कोंडून ठेवले, तेव्हा आइन्स्टाइन, भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न आणि वेर्टहायमर हे तिघे मिळून राइशस्टाग या संसदभवनात विद्यार्थ्यांची समजूत घालायला गेले. तिथे काम होईना म्हणून तिघेही थेट नव्या सरकारचे प्रमुख फ्रीडरिश एबर्ट यांच्याकडे गेले आणि सुटकेसाठी त्यांच्या हातची चिठ्ठी घेऊन आले.

1921 मध्ये या मंडळींनी आपले नियतकालिक काढले. दिसणाऱ्या गोष्टी आपोआप गटांत कशा बसतात, याचे नियम वेर्टहायमर यांनी 1923 मध्ये मांडले. जवळजवळचे ठिपके एकत्र दिसतात, सारखे ठिपके एकत्र दिसतात, सलग जाणारी रेघ तुटत नाही आणि अपुरी आकृती डोळा पुरी करतो. आज मोबाइलच्या पडद्यावर बटणे कुठे ठेवायची हे ठरवणारे लोकही हेच नियम शिकतात.

राजवाड्यातल्या संस्थेचा सगळ्यात गजबजलेला कोपरा कुर्ट लेविन यांचा होता. बोध आणि विचार यांच्यापलीकडे जाऊन त्यांना इच्छा, राग आणि ओढ यांचा अभ्यास करायचा होता. त्यांच्याभोवती पूर्व युरोपातून आलेल्या बुद्धिमान तरुणींचा मेळा जमला होता: ब्लूमा झाइगार्निक, तमारा डेंबो, मारिया ओव्सिआनकिना. समोरच्या कॅफेत तासन्‌तास चर्चा चालत. तिथल्या वेटरला पैसे येईपर्यंत सगळ्यांच्या ऑर्डरी तोंडपाठ असत आणि पैसे दिल्यावर मात्र काहीच आठवत नसे, अशी एक गोष्ट सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, झाइगार्निक यांनी त्या प्रश्नाचा रीतसर प्रयोग केला. लोकांना वीसेक लहान कामे दिली आणि निम्मी मध्येच थांबवली. 1927 च्या त्यांच्या निबंधात अर्धवट राहिलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांच्या जवळजवळ दुप्पट आठवलेली दिसतात. पुढच्या अनेकांना हा परिणाम इतका ठळक मिळाला नाही, पण अपुरे काम मनात ताण ठेवते, या कल्पनेने संशोधनाची एक मोठी वाट उघडली.

कोहलर यांचे तरुण सहायक कार्ल डुंकर माणसे कोडी कशी सोडवतात हे पाहत होते. मेणबत्ती दारावर बसवायची आहे आणि जवळ टाचण्या, काड्या आणि छोट्या पेट्या आहेत. पेटी रिकामी दिली, तर ती दाराला टोचून तिच्यावर मेणबत्ती ठेवावी हे सुचते. तीच पेटी सामान भरून दिली, तर ती नुसते भांडे वाटते आणि पुष्कळांचे डोके तिथेच अडते. डुंकर यांचे 1935 चे पुस्तक या विषयात आजही आधाराला घेतले जाते. हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी 1933 मध्ये दाखवले की यादीतली वेगळी उठून दिसणारी गोष्ट जास्त लक्षात राहते.

त्याच 1933 च्या 30 जानेवारीला हिटलर चान्सेलर झाला.

वेर्टहायमर तेव्हा फ्रांकफुर्टला प्राध्यापक होते आणि ज्यू होते. मार्चमध्ये त्यांनी शेजाऱ्यांच्या रेडिओवर हिटलरचे भाषण ऐकले आणि लगोलग बायको-मुलांसह देश सोडायचे ठरवले. चेकोस्लोव्हाकियामार्गे सप्टेंबरमध्ये ते कुटुंब न्यूयॉर्कला पोहोचले. लेविन अमेरिकेत पाहुणे प्राध्यापक म्हणून गेले होते आणि जपान व रशियामार्गे घरी परतत असताना त्यांना बातमी कळली. मेमध्ये त्यांनी कोहलर यांना एक लांब पत्र लिहिले. ज्यू म्हणून आपल्याला इथे राहणे का अशक्य झाले आहे, ते त्यात त्यांनी समजावले, पण ते पत्र टपालात टाकले नाही. त्यांची आई युरोपातच मागे राहिली आणि पुढे नाझींच्या छावणीत मारली गेली.

7 एप्रिलच्या कायद्याने ज्यू आणि राजकीय विरोधकांना सरकारी नोकरीतून काढायला सुरुवात झाली. विद्यापीठांत प्राध्यापकांच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या आणि बाकीचे प्राध्यापक गप्प राहिले. कोहलर ज्यू नव्हते, ते कीर्तीच्या शिखरावर होते आणि गप्प राहिले असते तर त्यांना काहीच गमवावे लागले नसते. 28 एप्रिलला बर्लिनच्या 'डॉयचे आल्गेमाइने त्साइटुंग' या वृत्तपत्रात त्यांचा लेख छापून आला. बायबलमधली स्तोत्रे आणि स्पिनोझा यांची आठवण देऊन ज्यूंनी जगाला काय दिले ते त्यांनी लिहिले आणि सरसकट हकालपट्टीचा उघड निषेध केला. जर्मन मानसशास्त्रज्ञांत असा जाहीर निषेध करणारे नाव दुसरे सापडत नाही. त्या रात्री अटक होणार असे धरून कोहलर आणि त्यांचे सहकारी घरात जमले आणि पहाटेपर्यंत वाद्यसंगीत वाजवत बसले. पोलीस आले नाहीत. आली ती पत्रे, आणि त्यांतली कितीतरी ज्यू वाचकांनी कृतज्ञतेने लिहिलेली होती.

बाकीच्या व्यवसायबंधूंनी काय केले, हेही या इतिहासाचाच भाग आहे. ऑक्टोबर 1933 मध्ये लाइपझिगला जर्मन मानसशास्त्र परिषदेचे अधिवेशन भरले, तिथे हिटलरची स्तुती झाली. मारबुर्गचे एरिश येन्श यांनी तर काही वर्षांनी उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या कोंबड्यांच्या चोची मारण्याच्या सवयींवरून माणसांच्या वंशभेदाचे 'शास्त्र' मांडले. लष्कराला अधिकारी निवडायला मानसशास्त्रज्ञ हवे होते, त्यामुळे नाझी काळात जर्मनीत मानसशास्त्राचा धंदा वाढतच गेला आणि 1941 मध्ये त्याची स्वतंत्र पदविकाही सुरू झाली. राजवटीच्या उपयोगी पडणारे मानसशास्त्र वाढले, पण त्यातला विचार खुरटला.

3 नोव्हेंबर 1933 ला हुकूम निघाला की प्राध्यापकांनी व्याख्यानाची सुरुवात नाझी सलामीने करावी. खचाखच भरलेल्या वर्गात तपकिरी गणवेशातली पोरेही बसली होती. कोहलर यांनी हात कसाबसा वर केला आणि मग श्रोत्यांना सरळ सांगितले की ही सलामी हुकुमापुरती आहे, ज्या विचारांचे ते चिन्ह आहे ते मला मान्य नाहीत. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण टाळ्यांनी संस्था वाचणार नव्हती. डिसेंबरात संस्थेतल्या चर्चासत्रातून बाहेर पडणाऱ्यांची ओळखपत्रे दारावर तपासली गेली. कोहलर यांनी रेक्टरकडून यापुढे असे होणार नाही असे आश्वासन मिळवले, तरी एप्रिल 1934 मध्ये ते परगावी असताना पुन्हा झडती झाली. डुंकर यांच्यासारख्या सहायकांना काढून टाकण्यात आले. माणसे निवडण्याचा अधिकार नसेल तर संस्था चालवण्यात अर्थ नाही, ही कोहलर यांची भूमिका होती. वर्ष-दीड वर्ष ते पत्रापत्री करत लढले. 1935 मध्ये हिटलरशी एकनिष्ठतेची शपथ घेण्याची मागणी आली. ती त्यांनी नाकारली, राजीनामा दिला आणि देश सोडला.

अमेरिकेत कोफ्का आधीच, 1927 पासून, मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात होते. कोहलर फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर कॉलेजात गेले. वेर्टहायमर न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये, परागंदा विद्वानांसाठी काढलेल्या विभागात, शिकवू लागले. जागा सन्मानाच्या होत्या, पण स्मिथ आणि स्वार्थमोर ही पदवी महाविद्यालये होती आणि न्यू स्कूलला मानसशास्त्राची प्रयोगशाळा नव्हती. विचारसरणी टिकते ती डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांवर, कारण तेच पुढे दुसऱ्या विद्यापीठांत जाऊन विभाग उभे करतात. तिघांपैकी एकालाही तशी फळी मिळाली नाही. शिवाय मोठी विद्यापीठे वर्तनवादाने व्यापली होती. येलला क्लार्क हल उंदरांच्या शिकण्याची समीकरणे मांडत होते आणि 1938 मध्ये बी. एफ. स्किनर यांचे पहिले मोठे पुस्तक आले. सुलतानला एकाएकी काही 'सुचले', हे त्या वातावरणात अशास्त्रीय वाटे.

हानीची मोजदाद वेगळी करावी लागते. जुन्या साम्यवादी कार्यकर्त्या आईबापांचा मुलगा म्हणून डुंकर जर्मनीत अध्यापनाला अपात्र ठरले होते. केंब्रिजमार्गे ते 1938 मध्ये स्वार्थमोरला आपल्या गुरूपाशी पोहोचले, पण नैराश्याने त्यांना घेरले होते आणि 1940 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, त्यांनी आयुष्य संपवले. 1941 मध्ये कोफ्का वारले, 1943 मध्ये वेर्टहायमर. वेर्टहायमर यांचे आयुष्यभराचे चिंतन असलेले 'प्रॉडक्टिव्ह थिंकिंग' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1945 मध्ये छापले गेले. सापेक्षतेचा सिद्धान्त कसा सुचला, याबद्दल आइन्स्टाइन यांच्याशी झालेल्या बोलण्यांवर त्यात एक प्रकरण आहे. शिक्षकांनी ते पुस्तक अवश्य वाचावे. समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ घोकून काढणारी मुले आणि आकृती समजून काढणारी मुले यांच्यातला फरक इतक्या आपुलकीने क्वचितच कुणी लिहिला असेल.

लेविन यांचे नशीब त्यातल्या त्यात बरे. आयोवात त्यांना विद्यार्थी मिळाले, आणि हुकूमशाही व लोकशाही पद्धतीने चालवलेल्या मुलांच्या गटांवर त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर केलेले प्रयोग गाजले. 1945 मध्ये एमआयटीत त्यांनी समूहांच्या अभ्यासाचे केंद्र काढले, पण दोनच वर्षांनी त्यांचा मृत्यू झाला. मॉस्कोला गेलेल्या झाइगार्निक यांच्या पतीला 1940 मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी उचलले. झाइगार्निक यांनी एकटीने मुलांना वाढवत, युद्धात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांवर काम केले आणि सोव्हिएत संघात मनोविकारांच्या अभ्यासाची एक नवी शाखा रुजवली.

न्यू स्कूलमध्ये वेर्टहायमर यांच्या सहवासात आलेले सोलोमन अॅश 1947 मध्ये स्वार्थमोरला कोहलर यांचे सहकारी झाले. त्यांनी रेघांचा प्रयोग केला. कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, हे उघड दिसत असताना आधी ठरवून आणलेले सोबती एकमुखाने चुकीचे उत्तर देतात, तेव्हा एकटा माणूस काय म्हणतो? सुमारे तृतीयांश उत्तरे गटामागे गेली. हा प्रयोग बहुतेक वेळा माणसाच्या मेंढरूपणाचा दाखला म्हणून शिकवला जातो, आणि हा अन्याय आहे. दोन तृतीयांश उत्तरे बरोबरच होती आणि सुमारे चतुर्थांश लोक एकदाही नमले नाहीत. सोबत्यांपैकी फक्त एकाने खरे उत्तर दिले, तर गटाचे वजन झपाट्याने उतरत असे. अॅश यांना शरणागतीइतकेच या स्वातंत्र्याचेही मोल होते. पुढे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी आज्ञाधारकपणावरचे आपले प्रसिद्ध प्रयोग केले.

पन्नाशीच्या दशकात फ्रिट्झ पर्ल्स यांनी 'गेस्टाल्ट थेरपी' लोकप्रिय केली. नावापलीकडे तिचा वेर्टहायमर-कोहलर यांच्या प्रयोगशाळेतल्या कामाशी फार थोडा संबंध आहे, पण आजही पुष्कळ वाचक हे दोन्ही एकच समजतात.

1959 मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष म्हणून कोहलर भाषणाला उभे राहिले. विषय होता गेस्टाल्ट मानसशास्त्राची सद्यःस्थिती. जुने हिशेब काढायची ती जागा होती, पण त्यांनी वर्तनवाद्यांच्या प्रयोगांची वाखाणणी केली आणि माणसाला प्रत्यक्ष जे दिसते-जाणवते त्यालाही पुराव्यात जागा द्या, मग हे काम आपण मिळूनच करू, असा प्रस्ताव ठेवला. तोवर वारे फिरू लागलेच होते. भाषा, स्मृती आणि विचार पुन्हा प्रयोगशाळेत येत होते.

1967 मध्ये कोहलर वारले. त्याच वर्षी 'कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी' हे पुस्तक बाजारात आले आणि मनाकडे परत वळलेल्या त्या नव्या शाखेला नाव मिळाले. लेखक होते उलरिक नाइसर, जन्म 1928, जर्मनीतल्या कील शहरातला. 1933 मध्ये त्यांच्या कुटुंबाने देश सोडला होता. एम.ए. करायला त्यांनी स्वार्थमोर निवडले, कारण तिथे कोहलर शिकवत होते.